अध्यक्षांसमोर अध्यक्षांची नक्कल

हौशीराम येवले लोणावळ्याच्या रेल्वे पार्सल ऑफिसात कारकून होते, पण पार्सलांत त्यांचा जीव कधीच नव्हता. पुण्याला जायची अंड्यांची करंडी त्यांनी एकदा कर्जतला रवाना केली होती. ती हिंडत फिरत पुण्याला पोचली तेव्हा मालकाला अंड्यांऐवजी पिल्लं ताब्यात घ्यावी लागली. ह्याबद्दल वरून कागद आला, हौशीरामांनी त्याला तीन पानी उत्तर दिलं, आणि ते उत्तर कुणालाच न समजल्यामुळे प्रकरण मिटलं. ते जाऊ द्या. हौशीरामांचा जीव होता एका नकलेत. नटभूषण कोंडाजीरावांची नक्कल करावी तर ती येवल्यांनीच, हे खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत सगळ्यांना मान्य होतं.

कोंडाजीराव म्हणजे त्या काळात केवढं प्रस्थ, हे आजच्या मंडळींना सांगून पटायचं नाही. त्यांच्या नावाची टोपी निघाली होती, त्यांच्या नावाचा साबण निघाला होता. हौशीरामांनी सोळाव्या वर्षी पुण्यात त्यांचं नाटक पाहिलं आणि नंतर आठ दिवस ते कुणाशी साधं बोललेच नाहीत. पाणी मागायचं तरी डावा हात छातीवर ठेवून मागत. तेव्हापासून आरसा आणि ते. नक्कल म्हणजे टवाळी, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कुणाची नक्कल बसवलेली नसते. वीस वर्षं एका माणसाचा खोकला घोटायचा म्हणजे त्या माणसावर जीव असावा लागतो.

नक्कल अशी होती. आधी पडद्याआडून पोट यायचं. पोट स्थिरस्थावर झालं की मागून कोंडाजीराव यायचे. डाव्या हातात रुमाल, उजवा हात कानाशी, पदाची एक ओळ, आणि लगेच डोळ्याच्या कोपऱ्यातून प्रेक्षकांकडे नजर, वन्स मोअर येतोय का? नाही आला तर एक बारीक खोकला. तरी नाही आला तर दुसरा, जरा दटावणीचा. मग लोक मुकाट्यानं वन्स मोअर द्यायचे. शेवटी ती प्रसिद्ध तान. वर, वर, आणखी वर, आणि अगदी शेवटच्या पायरीवर आवाज फाटकन फुटायचा! इथे लोक बाकांवरून खाली घसरायचे. आता खरं सांगायचं तर हे फुटणं हौशीरामांच्या पदरचं होतं. कोंडाजीरावांचा आवाज फुटलेला कुणी ऐकला नव्हता. पण नकलेला काहीतरी शेवट पाहिजे म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो घातला, हशा आला, आणि आलेला हशा परत करणारा नकलाकार अजून जन्माला यायचाय.

हा गुण त्यांना लाभला कामशेतपलीकडच्या वडिवळे गावातल्या घरातून. त्यांचे वडील महिपती आबा हे गावातले शिमग्याचे जुने सोंगाडे. शिमग्यात वडिवळ्यात पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची सोंगं निघत, आणि ज्याचं सोंग त्याच्याच दारात निघे. त्या माणसानं बाहेर यायचं, आपलं सोंग पाहायचं आणि सोंगाड्याच्या हातावर नारळ ठेवायचा. नारळ दिला म्हणजे पोचलं. एका वर्षी बयाबाई नावाच्या म्हातारीचं सोंग नुसतं विसरून राहिलं, तर तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही आणि पाटलाच्या दारात बसून राहिली. ही बयाबाई हौशीरामांना पुढे ऐन वेळी आठवायला हवी होती. नाही आठवली. शहरात राहिलं की माणूस म्हाताऱ्यांचं विसरतो आणि समितीचं ऐकायला लागतो.

तर सन छत्तीसची गोष्ट. श्री भैरवनाथ मोफत वाचनालयाचा वार्षिक समारंभ शिमग्यानंतरच्या रविवारी ठरला. करमणुकीत हौशीरामांच्या पाच नकला, पाचवी अर्थात कोंडाजीरावांची. हस्तपत्रकाचा मजकूर छापखान्यात गेला. तेवढ्यात वाचनालयाचे चिटणीस मारुतीराव पडवळ, हे निवृत्त हेडमास्तर, धापा टाकत आले. कोंडाजीराव स्वतः जवळच वलवणला एका बंगल्यात हवापालटासाठी येऊन राहिले होते, मारुतीरावांनी त्यांना चिठ्ठी पाठवून अध्यक्ष व्हा म्हणून विनवलं होतं, आणि ते चक्क हो म्हणाले होते! त्याच पावली मारुतीरावांनी छापखान्यात जाऊन वर एक ओळ घातली. खालची ओळ कुणी वाचली नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात जे पत्रक वाटलं गेलं त्यात वर 'अध्यक्ष : नटभूषण कोंडाजीराव' आणि खाली पाचव्या क्रमांकावर 'नटभूषण कोंडाजीराव यांची हुबेहूब नक्कल' असं ठसठशीत छापलेलं होतं.

समितीची तातडीची बैठक भरली. हौशीरामांना समोर स्टुलावर बसवलं.

"हौशीराम," मारुतीराव म्हणाले, "विनोदाला मर्यादा हवी."

"हवीच. कुठे हवी तेवढं सांगा, मी तिथे थांबतो."

झालं! हे सांगायला समितीला तीन तास लागले. पहिला तास पोटावर गेला. मारुतीरावांचं म्हणणं, मोठ्या माणसाच्या शरीरावर विनोद करू नये, पोट हे व्यंग आहे. ह्यावर फकरुद्दीन मास्तर उसळले. बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि नकलेचं पोट शिवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"पोट व्यंग कसं, हेडमास्तर? ते काय जन्मतः असतं का? ते कमावलेलं आहे. आणि काय तो निकाल लवकर द्या, माझा कापूस पिंजून पडलाय."

शेवटी ठरलं की पोट ठेवावं, पण अध्यक्षांच्या प्रत्यक्ष पोटापेक्षा दोन इंच कमी ठेवावं. प्रत्यक्ष पोट मोजणार कोण, हा मुद्दा निघाला तेव्हा फकरुद्दीन म्हणाले की तीस वर्षं टेप गळ्यात आहे, त्यांना नाटकात पाहिलंय, नजरेनं सांगतो, छातीपुढे अकरा इंच. म्हणजे नकलेचं पोट नऊ इंच. दुसऱ्या तासात खोकला गेला, कारण आजारपणावर विनोद नको. रुमाल गेला, कारण तो त्यांना कुणा संस्थानिकांनी दिलेला असावा. वन्स मोअरची वाट पाहणं गेलं, कारण त्यात प्रेक्षकांचाही अपमान. तिसऱ्या तासाच्या शेवटी ठराव असा झाला की हौशीरामांनी डावीकडून यावं, नमस्कार करावा आणि उजवीकडून जावं.

"ह्यात कोंडाजीराव कुठे आहेत?" हौशीरामांनी विचारलं.

"ते अध्यक्षस्थानी आहेत," मारुतीराव म्हणाले.

घरी आले तर शेजारच्या झुंबरबाई ओट्यावर हजरच. रेल्वेच्या चाळीत भिंती पातळ असतात, त्यामुळे सल्ला द्यायला फार लांब जावं लागत नाही.

"मोठ्यांची थट्टा करू नये हो येवले. करायचीच तर मेलेल्याची करावी. तो उठून येत नाही."

"मेलेल्याची तर मुळीच करू नये," हौशीरामांच्या पत्नी नंदाबाई आतून म्हणाल्या. "जिता माणूस एकदाच येतो. मेलेला कधीही येतो."

"मग आमच्या ह्यांची करा. त्यांना कळतच नाही."

हौशीराम मात्र डगमगले नव्हते, बरं का. समिती काय ठराव करते आणि स्टेजवर काय होतं ह्यांचा काही संबंध नसतो, हे त्यांना नोकरीवरूनच माहीत होतं. त्यांची अडचण वेगळीच होती. ज्या माणसासाठी वीस वर्षं आरसा झिजवला तो माणूस पहिल्या खुर्चीत बसणार. तो हसला तर जन्माचं सार्थक. तो दुखावला तर? लोकांनी पुन्हा कधी नक्कल करू दिली नाही तरी हौशीरामांना चाललं असतं. पण कोंडाजीरावांच्या मनात आपल्याबद्दल वाकडं आलं, तर पुन्हा आरशात तोंड पाहायची सोय राहिली नसती. म्हणून नक्कल करायची, आणि अशी करायची की त्यांनीच पोट धरून हसावं, असा त्यांनी बेत केला. तुम्ही म्हणाल, आत्मविश्वास दांडगा. होताच.

मग आली परवानगी. कार्यक्रमाला फौजदारांची परवानगी लागे आणि मजकुराच्या दोन प्रती लागत. आता नकलेचा मजकूर कसा लिहावा? हौशीरामांनी तोही लिहिला. 'पोट येते. मागून कोंडाजीराव येतात. नजर तिरकी. खोकला क्रमांक एक, बारीक. खोकला क्रमांक दोन, दटावणीचा.' असं चार पानं. फौजदारसाहेबांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं.

"हा दुसरा खोकला. कुणाला दटावतो?"

"प्रेक्षकांना, साहेब."

"प्रेक्षकांत सरकारी अंमलदार असतील?"

"आपण असाल, साहेब."

"म्हणजे सरकारला दटावल्यासारखं झालं." त्यांनी लाल पेन्सिल उचलली, मग थांबले. "खोकून दाखवा."

हौशीरामांनी टेबलासमोर उभं राहून दोन्ही खोकले दाखवले. आतल्या खोलीत हवालदार खदखदून हसला. फौजदारसाहेबांनी समासात 'हसू येते' अशी नोंद केली आणि त्याखाली सही केली.

"हे बघा येवले, उद्या त्या गृहस्थांनी अब्रूची फिर्याद केली तर मला जबाब द्यावा लागेल. ज्याची नक्कल करायची त्याचा लेखी दाखला आणा, की माझी हरकत नाही. दाखला असेल तर दोन्ही खोकले मंजूर. नसेल तर पाचवी नक्कल रद्द."

थट्टा करायची त्याच्याकडूनच थट्टेचा दाखला आणायचा! पण हौशीरामांना उलट आनंद झाला. निमित्त मिळालं. 'मेहेरबान नटभूषण यांचे सेवेशी, अर्ज करतो की आपली नक्कल करण्यास आपली हरकत नसावी' असा सुवाच्य अर्ज लिहून, कोटाला इस्त्री करून, गुरुवारी दुपारी ते वलवणला पायी निघाले.

बंगल्याच्या फाटकावर नथू नावाचा पन्नाशीचा गडी बसला होता.

"मालक कुनाला बी भेटत न्हाईत," तो म्हणाला. "ऐतवारी येनार हाईत न्हवं सभेला? तितं बघा."

"फक्त सही पाहिजे."

"मग बसा हितं. उठलं की इचारतो."

हौशीराम फाटकाजवळच्या दगडावर बसले. थोड्या वेळानं आतून तंबोरा लागला. पाठोपाठ पदाची ओळ आली. तेच पद! त्यांनी डोळे मिटले. प्रत्येक पायरी त्यांना पाठ होती. तान निघाली, वर चढली, आणखी वर चढली, आणि शेवटच्या पायरीवर आवाज फुटला.

हौशीरामांना आधी रागच आला. आपली नक्कल इथे कोण करतंय? आपल्या पदरचा शेवट कुणी उचलला? ते दगडावरून अर्धे उठलेसुद्धा. मग तान पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा तिथेच फुटली. तिसऱ्यांदा फुटली तेव्हा मात्र ते खाली बसले. तंबोरा बंद झाला.

"रोजचं हाय हे," नथू खाली बघत म्हणाला. "तीन डाव करून बघत्यात. मग जेवत न्हाईत. डाक्टर म्हनला, आवाज आता न्हाई यायचा. कंपनी बुडाली, बोलपटवाल्यांनी बी नगं म्हनलं. साहेब, कुठं बोलू नका हां."

"नाही बोलणार," हौशीराम म्हणाले.

अर्ज खिशात तसाच ठेवून ते परत फिरले. त्यांना शरम वाटली, दुसरा शब्द नाही. ज्या गोष्टीवर आपण दोन वर्षं गाव हसवलं ती गोष्ट त्या माणसाच्या घरात खरी होऊन बसली होती. समितीनं तीन तास पोट मोजलं, फौजदारानं खोकले मोजले, आणि जिथे खरोखर हात लावायचा नाही ती जागा कुणाच्या यादीत नव्हतीच. आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, पाचवी नक्कल करणार नाही.

तर काय, गाव पेटलं! ज्या मारुतीरावांनी रुमालसुद्धा काढून घेतला होता ते म्हणाले, "हा पळपुटेपणा आहे. कलावंतानं निर्भय असलं पाहिजे!" झुंबरबाईंनी चाळभर केलं की येवले फौजदाराला घाबरले. फकरुद्दीन मास्तर तर पोट घेऊनच घरी आले.

"नऊ इंच, हौशीरामभाऊ! दुहेरी शिलाई मारली आहे. ह्याचं मी आता काय करू? उशी करू?"

"करा."

"अहो, पण झालं काय?"

"काही झालं नाही. करायची नाही, बस."

नंदाबाईंनी मात्र काही विचारलं नाही. संध्याकाळी ताटात वांग्याचं भरीत वाढताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही घाबरला नाहीत. तुम्हाला कशाचं तरी वाईट वाटलंय. सांगू नका, पण जेवा."

रविवारी सकाळच्या गाडीनं वडिवळ्याहून महिपती आबा आले. लेकाची नक्कल बघायला मुद्दाम नवं मुंडासं बांधून आले होते. चहा घेताना हौशीरामांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, सोंग काढताना कुठं थांबायचं?"

"त्यात काय अवगड हाय? ज्याचं सोंग त्याच्या म्होरं काढावं. पाठीमागं काढलं तर ती चुगली. आन सुतकाच्या घरचं काढू न्हाई. बाकी कुनाचं बी काढ की."

वलवणचा बंद झालेला तंबोरा हौशीरामांना आठवला. सुतक आणखी वेगळं काय असतं? त्यांचं मन पक्कं झालं.

दुपारी चारला शाळेचा हॉल खच्चून भरला. भिंतीशी हवालदार वही घेऊन उभा होता. कोंडाजीराव आले. "अकरा! मी सांगत नव्हतो?" फकरुद्दीन शेजारच्याच्या कानात म्हणाले. पोट होतं, रुमाल होता, डौल होता, पण स्वागताला ते फक्त हात जोडत, बोलत नव्हते. मारुतीरावांनी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं आणि पाऊण तास त्यांची ओळख करून दिली. मग हौशीराम उभे राहिले. घाटात विजेची इंजिनं आल्यापासून जुन्या वाफेच्या इंजिनासाठी लोक हळहळत, म्हणून त्यांनी ते इंजिन घाट चढताना दाखवलं. मग करवंदांचा भाव करणारी बाई, सामान विसरलेला पारशी, आणि रजा मागणारा कारकून. लोकांनी टाळ्या दिल्या, पण पाहुण्यांदेखत द्याव्यात तशा. हौशीराम नमस्कार करून वळले.

"थांबा."

कोंडाजीराव उभे राहिले होते. आवाज खालचा, घोगरा. त्यांनी खिशातून हस्तपत्रक काढलं. चार घड्यांनी मऊ पडलेलं.

"सभ्य स्त्रीपुरुषहो! ह्या पत्रकात पाचव्या क्रमांकावर आमची नक्कल आहे. चार झाल्या. पाचवी कुठे आहे?"

"समितीनं औचित्याचा विचार करून..." मारुतीराव अर्धे उठले.

"समितीनं बसावं. मी ह्यांना विचारतो. आम्हांस का वगळलंत?"

"आपल्याविषयी आदर आहे म्हणून, महाराज."

"आदर?" कोंडाजीरावांचा चेहरा लाल झाला, आणि पुढे जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नाटकातली भाषा त्यांच्या तोंडून गळूनच पडली. "आरं, मी सांगिशाचा हाय, कामशेतच्या पल्याडचा! अकराव्या वर्षी कंपनीत पळालो. आमच्याकडं सोंग काढत न्हाईत ते फकस्त सुतकाच्या घरचं. मग मी मेलोय व्हय? दोन वर्सं झाली, येक पत्र न्हाई, कुनी इचारत न्हाई. ह्यांच्या चिठ्ठीला हो म्हनलो, पन येनार न्हवतो. मंग हा कागुद नथूनं आनला. माझं सोंग हाय म्हनून वाचलं, तवा वाटलं, चला, कुटंतरी आजून जित्ता हाय मी. त्यासाठनं आलोय. ह्या शालीसाठनं न्हाई!"

हौशीरामांना बयाबाई आठवली ती तेव्हा. वेळ मोठी नामी साधली होती.

मागच्या बाकावरून एक मुंडासं उठलं. "तू धोंडिबाचा कोंड्या काय रं?"

कोंडाजीराव डोळे बारीक करून बघू लागले. "व्हय आबा."

"मग हौश्या, बघत काय ऱ्हायलास? म्होरंच बसलाय मानूस. काढ की सोंग!"

फकरुद्दीन मास्तरांनी पोटाची उशी केलीच नव्हती. बाकाखालून काढून त्यांनी ते दोन मिनिटांत हौशीरामांच्या कमरेला बांधलं.

"कमी पडतंय," अध्यक्ष म्हणाले.

"दोन इंच, साहेब. ठरावच आहे तसा."

हौशीराम पडद्यामागे गेले. आणि मग पोट आलं. पोट येताच कोंडाजीरावांनी गुडघ्यावर थाप मारली. मागून कोंडाजीराव आले, रुमाल आला, तिरकी नजर आली. खोकला क्रमांक एक झाला, हवालदारानं नोंद घेतली. खोकला क्रमांक दोनला खुर्चीतले कोंडाजीराव शालीत तोंड खुपसून हसत होते आणि डोळे पुसत होते. हौशीराम सुटलेच. वीस वर्षांत अशी नक्कल झाली नव्हती. पद झालं, वन्स मोअर झाला, तान निघाली. वर, वर, आणखी वर. गाव बाकांच्या कडांवर आलं.

शेवटच्या पायरीपाशी हौशीराम थांबले. हात कानाशी, तोंड उघडं, आवाज नाही.

कोंडाजीरावांचं हसू ओसरलं. त्यांनी हौशीरामांकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या नथूकडे पाहिलं. नथूनं मान खाली घातली.

"का थांबलास?"

"इथून पुढे मला येत नाही, महाराज."

"खोटं बोलतोस. दोन वर्सं येतंय तुला, समदं लोनावळं सांगतंय, नथू बाजारातनं ऐकून आलाय."

ते उठले. शाल खुर्चीवर टाकली, उजवा हात कानाशी नेला आणि स्वतःच तान घेतली. घोगऱ्या आवाजानं ती खालून निघाली, एकेक पायरी चढत गेली, अंगात रग होती हो अजून. आणि शेवटच्या पायरीवर ती फुटली.

हसावं की रडावं कुणाला कळेना. कोंडाजीरावांनी कुणाला वेळच दिला नाही. ते मास्तरी थाटात हौशीरामांकडे वळले.

"ऐकलंस? येकदम फाटकन न्हाई फुटत. आधी चिरकतो, मग जरा सावरतो, आन मग फुटतो. तू घाई करतोस."

पहिले हसले ते हौशीराम. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पोटाच्या कापडाला पुसलं. मग कोंडाजीराव हसले, आणि मग सगळा हॉल. कोंडाजीराव डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत उभे राहिले. काही येईना. त्यांनी एक बारीक खोकला दिला. मग दुसरा, दटावणीचा.

"वन्स मोअर!" आबा ओरडले, आणि सगळं गाव ओरडलं.

त्यांनी तान पुन्हा घेतली, ती पुन्हा फुटली, आणि त्यांनी मारुतीरावांनी दिलेला नारळ उचलून हौशीरामांच्या हातावर ठेवला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण हरकतीचंच तर राहिलं होतं. मंगळवारी चौकीतून दोन नोटिसा निघाल्या. एक हौशीरामांना, पाचवी नक्कल दाखल्याशिवाय केल्याबद्दल. दुसरी वलवणला. 'सदर कोंडाजीराव यांनी सदर कोंडाजीराव यांची नक्कल दोन वेळा केली. तत्पूर्वी सदर कोंडाजीराव यांचा लेखी दाखला घेतला नाही.'

दोघे मिळूनच चौकीत गेले. कोंडाजीरावांनी टेबलाशी बसून दोन दाखले लिहिले. स्वतःच्या नोटिशीवर लिहिलं, 'माझी मला हरकत नाही.' हौशीरामांच्या नोटिशीवर लिहिलं, 'ह्यास हरकत कधीच नव्हती. मात्र माझ्यासमोर करावी.'

फौजदारसाहेबांनी सही उजेडात धरून पाहिली.

"हवालदाराच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी हॉलमध्ये दोन कोंडाजीराव होते. दोघांचंही पोट, दोघांचाही खोकला. दाखला देणारे आपण त्यांतले कोणते, ह्याला पुरावा काय?"

कोंडाजीराव उठले. ज्या आवाजासाठी ते वलवणला दारं लावून बसले होते तो त्यांनी भर चौकीत, कोठडीसमोर, बाजारच्या दिवशी मोकळा सोडला. तान वर गेली. आधी चिरकली, जरा सावरली आणि मग फुटली. रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली.

"साहेब, हेच खरे," हवालदार म्हणाला. "तो दुसरा घाई करतो."

फौजदारांनी शिक्का मारला. हौशीरामांना हवालदाराचं बोलणं जरा लागलं. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता ते आरशासमोर जाऊन उभे राहिले.